गिअरबॉक्सनं त्रास दिला तर गाडी दुरुस्त करायची का काढून टाकायची: नाशिककरांसाठी सविस्तर

गिअर नीट पडत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली आणि मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा न उघडता "बॉक्स गेला साहेब, चाळीस-पन्नास धरून चला" असं सांगितलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते करून घ्या, हाताखालची गाडी आहे, दुसरी म्हणते फुंका ती आणि नवीन घ्या, आता जीएसटीपण कमी झालाय. पण बॉक्स खरंच गेलाय का हेच अजून कुणी बघितलेलं नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, मॅन्युअल गाडी असेल तर बहुतेक वेळा दुरुस्तीच परवडते, ऑटोमॅटिक असेल तर ती कुठल्या प्रकारची यावर खेळ आहे, आणि दोन्हीत शेवटचा निर्णय बाकीची गाडी कशी आहे ते बघून घ्यायचा.

गाडी चालवायची का जागेवर उभी करायची

हे पहिलं ठरवा. गिअर टाकताना थोडी खरखर, थोडा जडपणा, एवढंच असेल तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. पण खाली ऑइलचा डाग वाढतोय, मोठा घरघर आवाज अचानक सुरू झाला, चालता चालता गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतोय किंवा जळकट वास येतोय, तर तिथंच थांबा. ऑइल नसलेला बॉक्स आणखी दहा-पंधरा किलोमीटर पळवला तर जे काम एका सीलवर निघालं असतं ते बेअरिंग आणि शाफ्टवर जातं. गिअर सुटत असेल तर कसारा घाट किंवा वणीच्या गडाचा रस्ता तर विसराच, उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमुळे इंजिन गाडीला धरून ठेवतं ते, गेलं की सगळा भार ब्रेकवर येतो.

टो करताना एक गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, फ्लॅटबेडच, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवायचा. ऑटोमॅटिकचा ऑइल पंप सहसा इंजिनवर चालतो, इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो आणि लोकांना माहीतच नसतं, पॉलिसी काढून बघा.

आणि हो, दगडावर किंवा खड्ड्यात बॉक्स आपटून फुटला असेल तर गाडी सुरूच करू नका. साध्या पॉलिसीत झिजेमुळे झालेला बिघाड धरत नाहीत हे ठीक, पण आपटल्यानंतर ऑइल गळत असताना चालवली तर कंपनी पुढच्या नुकसानाला हात वर करते. इंजिन आणि गिअरबॉक्स प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असेल तर आधी क्लेमची माहिती द्या, मगच गाडी खोलायला द्या. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठंही खोदलेलं असतं, त्यामुळे हे काही लांबचं उदाहरण नाही.

मॅन्युअल गाडी: घरच्या घरी काय बघता येतं

इथं जरा वेळ घालवा, कारण हजारो रुपयांचा फरक इथंच पडतो.

सगळ्यात सोपी टेस्ट अशी: गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून एकेक करून सगळे गिअर टाका. आता इंजिन चालू करून तेच करा. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडकतात, रिव्हर्सला कर्रर्र होतं, तर बॉक्सवर संशय घेण्याआधी क्लच बघा, तो पूर्ण सुटत नाहीये. म्हणजे क्लच केबल ताणली असेल, किंवा हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, ऑइलची डबी बघा, कमी झालीय का. आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या वॅगनआरला एका गॅरेजनं सरळ बॉक्स ओव्हरहॉलचं, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले पार्ट बदलायचं, एस्टिमेट दिलं होतं, दुसऱ्या मिस्त्रीनं क्लच केबल बदलली, पेडलचा प्ले सेट केला आणि काका अजून तीच गाडी घेऊन त्र्यंबकला जातायत.

इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील किंवा लिव्हर ढिला होऊन इकडं तिकडं डुलत असेल तर लिंकेज बघायला सांगा, गिअरच्या केबल आणि त्यांचे प्लास्टिक बुश. हे काम बॉक्स न उतरवता होतं.

आता आवाज. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला, आणि आतून गुरगुर येते, क्लच दाबला की बंद होते: हे बॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचं लक्षण. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग, ते बहुतेक वेळा क्लच सेटमध्येच येतं. एकाच गिअरला हूं असा आवाज आणि बाकीचे शांत, तर त्या गिअरचे दात किंवा त्याचं बेअरिंग. फक्त दुसरा किंवा तिसरा टाकताना खरखर, बाकी सगळं ठीक, तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवणारी रिंग. आणि आवाज गिअरवर नाही तर गाडीच्या स्पीडवर वाढत असेल, न्यूट्रलला सोडली तरी येत असेल, तर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, असू शकतं, पण आधी व्हील बेअरिंग तपासा. मोकळ्या रस्त्यावर बेतानं डावीकडं-उजवीकडं थोडी वळवून बघा, एका बाजूला वजन गेल्यावर आवाज वाढला किंवा गेला तर बहुतेक चाकाचं बेअरिंगच आहे, बॉक्सचा संबंध नाही.

क्लच घसरतोय का हे बघायला चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास गाडी ठेवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज एकदम वर चढला आणि गाडी तिथंच, तर क्लच प्लेट संपली. गरवारे पॉइंटपासून के. के. वाघपर्यंतचा उड्डाणपूल या सगळ्या टेस्टला चांगला आहे, चढताना भार पडतो आणि वर गेल्यावर एकसारखा स्पीड ठेवून आवाज ऐकता येतो, फक्त सकाळी लवकर जा, मागून येणाऱ्याला त्रास नको.

द्वारका आणि मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज अर्धा क्लच धरून गाडी रेंगाळवणाऱ्यांचा क्लच लवकर जाणारच, त्यात गाडी खराब निघाली असं काही नाही. क्लच हा झिजणारा भाग आहे, ब्रेक पॅडसारखाच. क्लच सेट बदलायचा आहे एवढ्यावरून कुणी गाडी विकायचा विचार करत असेल तर थांबा. एक मात्र आहे, बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं झटके सोसणारं जड चाक, ते पण गेलं असेल तर बिल चांगलंच फुगतं, म्हणून बॉक्स उतरवायच्या आधीच विचारून ठेवा की फ्लायव्हील धरून किती आणि सोडून किती.

ऑटोमॅटिक असेल तर आधी प्रकार ओळखा

लोक सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतात आणि तिथंच गडबड होते. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी आणली आणि तिथून आपल्याकडं स्वस्त ऑटोमॅटिक पसरली. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्चुएटर करतो. त्यामुळे एएमटीला घाबरायचं कारण नाही, क्लच बदलला की स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग, म्हणजे नवीन क्लच कुठं पकडतो हे गाडीच्या कंप्युटरला शिकवणं, करून घ्यायचं, ते न केल्यामुळेच कित्येक गाड्या नवीन क्लच टाकूनही झटके देतात. आणि एएमटी गाडी डी-ला जात नसेल, डॅशबोर्डवर वॉर्निंग लाइट लागत असेल, तर सगळ्यात आधी बॅटरी आणि ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळलंच नाही तर ती गिअर घेत नाही, मागचे ब्रेक लाइट लागतायत का हे कुणाला तरी मागं उभं करून बघायला किती वेळ लागतो. बॅटरी मेलेली असली तरी असली नाटकं होतात.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद क्लचऐवजी ऑइलमधून बॉक्सकडं नेणारा, हा जुना, दणकट प्रकार. डी किंवा आर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, एका ठरावीक स्पीडला थरथरते, ऑइल काळं आणि जळकट वासाचं निघतं, ही लक्षणं. ऑइल वेळेत बदललेलं असेल तर हे बॉक्स खूप चालतात. 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही' यावर माझा काडीचा विश्वास नाही.

सीव्हीटीत लोखंडी बेल्ट आणि दोन पुली असतात, गिअरचे दात नाहीत. त्यात ठरावीक सीव्हीटी ऑइलच लागतं, दुसरं टाकलं की बेल्ट घसरायला लागतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर कण्हल्यासारखा आवाज, थरथर, आणि पुली घासलेली निघाली तर सुटा भाग बदलून काम होईलच असं नाही, बऱ्याचदा पूर्ण युनिटच सांगतात.

ड्युअल क्लच म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी, यात दोन क्लच आणि त्यांना चालवणारं मेकॅट्रॉनिक, म्हणजे कंप्युटर आणि ऑइलचे व्हॉल्व्ह एकत्र असलेलं, युनिट. फोक्सवॅगन ग्रुपनं २०१३ मध्ये सात स्पीडच्या डीएसजीसाठी जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, बॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे इलेक्ट्रिकल बिघाड होत होता म्हणून ते काढून मिनरल ऑइल टाकलं. म्हणजे हा प्रकार वाईट असं नाही, पण कोरड्या क्लचवाली डीसीटी घाटात जाम लागल्यावर चढावर नुसती ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली की क्लच तापतो. जाममध्ये गाडी ब्रेक दाबून उभी ठेवा. जुनी डीसीटी किंवा सीव्हीटी, वॉरंटी संपलेली, आणि पूर्ण युनिटचं एस्टिमेट, या केसमध्येच 'विकावी का' हा प्रश्न खरा सुरू होतो.

गॅरेजमध्ये काय मागायचं

तोंडी आकड्यावर होकार देऊ नका. ऑटोमॅटिक असेल तर स्कॅन रिपोर्टचा फोटो मागा. पी ०७०० हा कोड दाखवून बॉक्स गेला म्हणत असतील तर तो कोड फक्त एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंप्युटरनं तक्रार नोंदवलीय, नेमकी काय ते दुसऱ्या कोडमध्ये असतं.

मॅन्युअल असेल तर बॉक्सचं ऑइल तुमच्यासमोर काढायला लावा, हे स्वस्त काम आहे आणि याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर पसरवा आणि उन्हात तिरकं धरून बघा. बऱ्याच गाड्यांत ड्रेन प्लगला चुंबक असतं. त्याच्यावर करडी, मऊ, पेस्टसारखी बारीक भुकटी असेल तर ती सगळ्याच बॉक्समध्ये येते, घाबरू नका. पण बोटाला टोचतील असे लोखंडाचे कण, पापुद्रे, दाताचा तुकडा निघाला तर बॉक्स खोलावाच लागेल. पिवळसर चमचमणारी भुकटी दिसली तर पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजतायत असं धरा. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पुराच्या पाण्यात अडकतात तेव्हा ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवा जाण्याच्या भोकातून, पाणी शिरतं, तिथून आणलेली गाडी चालू होत असली तरी बॉक्सचं ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका.

इंजिनचे माउंटिंग पण तपासायला सांगा. माउंट तुटलं की गिअर बदलताना असा झटका बसतो की कुणालाही बॉक्सच वाटेल.

दुसरं ओपिनियन घ्या, आणि घेताना पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. लक्षणं सांगा, बस.

दुरुस्ती म्हणजे नेमकी कुठली

ओव्हरहॉल, जुना बॉक्स, का कंपनीचं युनिट, हे तीन वेगळे रस्ते आहेत. मॅन्युअल बॉक्स चांगल्या मिस्त्रीकडून ओव्हरहॉल करणं मला सगळ्यात पटतं, एकदा बॉक्स उतरवलाच आहे तर बेअरिंग, सिंक्रो, ड्राइव्हशाफ्टचे सील आणि क्लच सेट सगळं एकदम करा, कारण उतरवायची मजुरी दोनदा द्यायला काही अर्थ नाही. जुने काढलेले पार्ट पिशवीत भरून परत मागा. फुकट मिळतात, आणि मागणार आहात हे आधी सांगितलं की न बदललेला पार्ट बिलात येत नाही.

जुना बॉक्स कुर्ल्याहून मागवू असं बरेच गॅरेजवाले सांगतात. चालतं, पण बॉक्सवरचा नंबर जुळला पाहिजे. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलचे बॉक्स वेगळे असतात, फायनल ड्राइव्हचा रेशो, म्हणजे चाकांकडं जाणाऱ्या शेवटच्या गिअरचं प्रमाण, वेगळा असतो, बसतो म्हणजे जुळतो असं नाही. पक्कं बिल हवं, नाहीतर चोरीच्या गाडीचा माल तुमच्या गाडीत बसेल. आणि 'चेकिंग वॉरंटी' म्हणजे दोन दिवस, त्याला वॉरंटी म्हणत नाहीत, निदान तीन-सहा महिने लेखी घ्या आणि परत खराब झाला तर उतरवायची मजुरी कोण देणार तेही लिहून घ्या. ऑटोमॅटिकमध्ये जुनं युनिट घेणं मला जुगार वाटतो.

आता आकडे मांडा

गाडीची किंमत आणि दुरुस्तीचं बिल एवढे दोनच आकडे घेऊन लोक बसतात. तीन लागतात: गाडी चांगल्या स्थितीत असती तर किती मिळाले असते, आज आहे तशी किती मिळतील, आणि दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट.

समजा जुनी मॅन्युअल हॅचबॅक. चांगली असती तर २,२०,००० मिळाले असते, आहे तशी डीलर १,५०,००० म्हणतोय, दुरुस्ती ३५,०००. डीलर सत्तर हजार कापतोय आणि काम पस्तीस हजारांचं आहे, म्हणजे विकायची असली तरी आधी दुरुस्त करून विका. ठेवायची असेल तर प्रश्नच नाही, पुढं दोन वर्षं चालली तरी महिन्याला पंधराशेच्या आत पडलं.

आता समजा डीसीटीवाली गाडी. चांगली ४,५०,०००, आहे तशी ३,२०,०००, दुरुस्ती १,६०,०००. इथं फरक १,३०,००० चा आणि बिल त्याहून जास्त, म्हणजे विकायचीच असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका. पण ठेवायची असेल तर? तशीच दुसरी जुनी गाडी आणायला तुम्हाला वरचे १,३०,००० लागणार, त्यात नावावर करणं, इन्शुरन्स, टायर, पहिली सर्व्हिस असे तीस-चाळीस हजार सहज, म्हणजे तिथंही १,६०,००० किंवा त्याच्या पुढंच. आणि त्या दुसऱ्या गाडीचा बॉक्स कसा आहे ते देवालाच माहीत. नवीन घ्यायची म्हटलं तर सात लाखांचं लोन नऊ टक्क्यांनी पाच वर्षांला साधारण साडेचौदा हजारांचा हप्ता, आणि तीच १,६०,००० ची दुरुस्ती तीन वर्षांत वाटली तर महिन्याला साडेचार हजारही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय हे खरं, पण नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, तेव्हा एक्स्चेंजला देताना जुन्या आकड्यावर अडून बसू नका.

आकडे जवळजवळ आले की मग बाकीची गाडी बघा. इंजिन ऑइल खातंय का, एसीचा कॉम्प्रेसर, सस्पेन्शन, खालचा पत्रा गंजलाय का, टायर किती उरलेत. आणि वय. पंधरा वर्षं व्हायला आली असतील तर फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागणार, कारसाठी ती फी २०२२ पासून ५,००० आहे आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, पर्यावरण कर वेगळा. पेठ रोडच्या आरटीओत त्यासाठी गाडी न्यायची म्हणजे त्याआधीचा डेंटिंग, लाइट, टायरचा खर्च आलाच. सहा महिन्यांवर पासिंग आलेल्या गाडीत मोठं बिल घालताना हे सगळं जोडून बघा. असल्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नसेल तर अधिकृत स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला मिळतो, त्यावर नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते.

गाडी किती दिवस नसेल हाही खर्चच आहे. पिंपळगाव-निफाडकडं द्राक्षाच्या सिझनमध्ये रोज मळ्यात आणि मार्केटला जाणाऱ्या माणसाला गाडी तीन आठवडे गॅरेजला ठेवणं परवडत नाही, तो पार्ट स्टॉकमध्ये आहे का हेच आधी विचारणार. कॉलेज रोडला राहून महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याला घाई काय आहे?

विकायचं ठरलं तर

बॉक्सचा प्रॉब्लेम सांगून विका, एस्टिमेटची कॉपी दाखवा. जाडं ऑइल टाकून आवाज दाबून गळ्यात मारणारे आहेत, पण नाशिक एवढं मोठं नाही, परत समोर येतोच माणूस. कमीत कमी तीन ठिकाणी भाव काढा, ॲपवाले आणि स्थानिक डीलर दोन्ही. गॅरेजवाल्यालाही विचारा, त्याला काम स्वस्तात पडत असल्यानं तो कधीकधी डीलरपेक्षा जास्त देतो.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि आरसीवर नाव बदललंय हे स्वतः ऑनलाइन बघेपर्यंत पाठ सोडू नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी कितीही हातांतून पुढं गेलेली असो.

बदली गाडी घेताना सकाळी जा आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, थंड पाहिजे. थंड असताना पहिला-दुसरा आणि रिव्हर्स कसा पडतो ते बघा, मग अर्धा तास चालवून गरम झाल्यावर परत तेच, कारण ऑटोमॅटिकचे बरेच आजार गरम झाल्यावरच दिसतात. चढावर उभी करून सोडा, मागं किती येते, उचलताना थरथरते का. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बॉक्सचं ऑइल कधी बदललंय ती ओळ शोधा. आणि गेल्यावर इंजिन आधीच गरम सापडलं तर भाव वगैरे काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी येतो म्हणा.